काळी चार, उणे चार

माळशेज घाटाच्या पायथ्याशी, कल्याण-नगर रस्त्यावर वैशाखरे आहे. मुरबाड तालुक्याच्या या पट्ट्यात सप्ताह असो की हळद, मांडवात पेटीच्या शेजारी आता की-बोर्ड दिसतो. पेटीवाला भात्याला हात घालतो आणि सुरू होतो. की-बोर्डवाला मात्र बटणं दाबत बसतो आणि शेवटी म्हणतो, "मशीन बिघडलंय." बहुतेक वेळा मशीन धडधाकट असतं, एखादं सेटिंग फिरलेलं असतं. त्याभोवतीचे हे काही गैरसमज.

गैरसमज 1 : ट्रान्सपोज वापरणारा कच्चा वादक, आणि त्यानं सूर बिघडतात.

वस्तुस्थिती : स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची अख्खी रांग सरकवतात, तेव्हा तिला कुणी कच्ची म्हणत नाही. ट्रान्सपोज तेच काम आकड्यानं करतं. एक आकडा म्हणजे एक पट्टी, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. बुवा काळी चारमध्ये गाणार आणि तुमचा हात पांढरी एकवर बसलेला, तर ट्रान्सपोज −4 करा. बोट पांढरी एकवर पडेल, आवाज काळी चारचा येईल. (+8 केलं तर तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो, पण काही मॉडेलांत तेवढी मुभा नसते.) सूर बिघडत नाहीत, गोंधळ माणसांत होतो. पुढचा अभंग पांढरी दोनमध्ये निघतो आणि −4 तसंच राहतं. म्हणून अभंग संपला की आधी आकडा शून्यावर आणायचा.

गैरसमज 2 : पेटीशी सूर जुळत नाही, म्हणजे की-बोर्ड बेसूर आहे.

वस्तुस्थिती : कारखान्यातून येणारा की-बोर्ड सहसा मधल्या पांढरी सहाला 440 हर्ट्झवर लावलेला असतो. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं 1955 साली शिफारस केलेलं हेच माप. पेटीचे सूर मात्र कारागिरानं कानसाने घासून लावलेले असतात, त्यामुळे तिची पांढरी सहा 442 किंवा 443 ला असू शकते. दोन्हींवर ती पट्टी एकदम दाबून धरा. आवाज थरथरत असेल तर लाटा मोजा. सेकंदाला तीन लाटा म्हणजे तीन हर्ट्झचा फरक. पेटीचे सूर मांडवात बदलता येत नाहीत, की-बोर्डाचे येतात. मेनूतलं 'ट्यून' किंवा 'मास्टर ट्यून' हळूहळू सरकवा, थरथर थांबली की सूर जुळला. हे काम ट्रान्सपोजनं होत नाही, कारण ते अख्खी पट्टीच ओलांडतं.

गैरसमज 3 : जोरात दाबलं की आवाज मोठा, म्हणून सगळं जोरात वाजवायचं.

वस्तुस्थिती : टच असलेल्या की-बोर्डात पट्टीखाली साधारणपणे दोन संपर्क असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला, ते यंत्र मोजतं आणि त्याला 1 ते 127 मधला आकडा देतं. म्हणजे मोजला जातो तो वेग, वजन नाही. पेटीत आवाजाचा चढउतार भात्यात असतो, बोटात नसतो. त्यामुळे पेटीवर तयार झालेला हात की-बोर्डवर आला की एक स्वर दणकतो, दुसरा गायब होतो. पेटी किंवा ऑर्गनचा आवाज लावला असेल तर टच बंद करा, सगळे स्वर सारखे येतील. पियानोच्या आवाजाला मात्र तो चालू हवा.

गैरसमज 4 : लॅपटॉपला जोडलं आणि आवाज गेला, म्हणजे सर्किट जळलं.

वस्तुस्थिती : 'लोकल कंट्रोल' नावाचं सेटिंग तपासा. ते बंद असेल तर पट्ट्या आपला संदेश फक्त बाहेर पाठवतात, वाद्याच्या आतल्या आवाजापर्यंत तो पोचत नाही. चालू केलं की आवाज परत येतो. याच्या उलटही घडतं. रेकॉर्डिंग करताना लोकल चालू राहिलं आणि लॅपटॉपही संदेश परत पाठवत असेल, तर प्रत्येक स्वर दोनदा वाजतो.

गैरसमज 5 : एकदा लावलेलं सेटिंग कायम राहतं.

वस्तुस्थिती : लावलेली बरीच सेटिंग तात्पुरत्या स्मृतीत असतात. लाइट गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत की-बोर्ड बंद पडला, की ती पुसली जाऊ शकतात. म्हणून ती 'रजिस्ट्रेशन'मध्ये साठवा आणि सोय असेल तर पेन ड्राइव्हवर प्रत ठेवा. 'फॅक्टरी रीसेट' हा शेवटचा उपाय, कारण त्यात तुम्ही साठवलेलंही जाऊ शकतं. आणखी एक गोष्ट. यामाहाच्या अनेक पोर्टेबल की-बोर्डांत 30 मिनिटं पट्टीला हात लागला नाही तर वाद्य आपोआप बंद होतं. कीर्तनात बुवांचं निरूपण रंगलं की एवढा वेळ सहज जातो. 'ऑटो पॉवर ऑफ' आधीच बंद करून ठेवा.

गैरसमज 6 : की-बोर्डवर आपले खरे स्वर निघतच नाहीत.

वस्तुस्थिती : ही तक्रार जुनी आणि अर्धी खरी. याच आक्षेपापायी 1940 साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती. सप्तकाचे 12 सारखे भाग केले की शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर पडतो. तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार सुमारे 386 वर असतो. सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ही 14 सेंटची खोच मिटवायला डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी घडवली. अनेक की-बोर्डांत तेच काम 'स्केल ट्यूनिंग' करतं, गंधाराला −14 द्यायचे. मींडेसाठी पोर्टामेंटो आणि पिच बेंड आहेत. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 साली सिंथेसायझरवर 10 रागांची अख्खी तबकडी काढली होती. पण शेजारी साधी पेटी असेल तर गंधार हलवू नका. दोन वाद्यांचे दोन गंधार झाले तर गाणारा कुणाचा धरणार?

जाता जाता सातवा : प्रत्येक की-बोर्ड म्हणजे 'कॅसिओ'. कॅसिओ ही कंपनी. तिचं पहिलं वाद्य, कॅसिओटोन 201, 1980 साली आलं. नाव चुकल्यानं काही बिघडत नाही, पण अ‍ॅडॅप्टर उसना घेताना बिघडतं. कुणाला 9.5 व्होल्ट लागतात, कुणाला 12, आणि जुन्या कॅसिओच्या पिनेचे धन-ऋण उलटे असतात. दोन्ही वाद्यांवर छापलेलं वाचूनच पिन खोचा.

या सगळ्यासाठी जाड पुस्तिका पाठ करायला नको. की-बोर्डाच्या पाठीवर एक कागद चिकटवा : ट्यून 442, टच बंद, ऑटो ऑफ बंद, आणि त्याखाली कुठल्या बुवांची कोणती पट्टी आणि तिचा ट्रान्सपोज. पखवाजवाला कणीक लावून, ठोकून सूर मिळवतो, तेवढ्या वेळात हा कागद वाचून होतो. मग पेटीवाल्याला षड्ज धरायला सांगा, तुम्हीही धरा, आणि थरथर नाही ना, तेवढं ऐका.