दर्यापारचा हिशेब (भाग 4) : पगार गुणू नका, शिल्लक मोजा

चार हजार दिरहम गुणिले चोवीस, म्हणजे शहाण्णव हजार रुपये. दुबईच्या नोकरीचं पत्र हातात आलं की घरात पहिला हिशेब हाच होतो, आणि पुष्कळ घरांत तो शेवटचाही ठरतो. धाटाव एमआयडीसीतल्या कंपनीत तीस हजार हातात पडणाऱ्या ऑपरेटरला हा आकडा तिपटीहून मोठा दिसतो. मग राजीनामा, एजंट, मेडिकल ही सगळी धावपळ सुरू होते.

मागच्या भागात आपण पासपोर्टवरचा ईसीआरचा शेरा, ई-मायग्रेट नोंदणी आणि एजंटाचा परवाना यांची माहिती घेतली. आज त्याआधी विचारायचा प्रश्न घेऊ : या नोकरीने माझ्या घराला नेमका फायदा किती?

पेण आणि रोहा तालुक्यांत हा प्रश्न वारंवार येतो, त्याला कारण आहे. धाटावचे केमिकल प्लांट, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, डोलवीचा पोलाद कारखाना यांच्या आसऱ्याने इथे फिटर, वेल्डर, रिगर, प्लांट ऑपरेटर तयार झाले. शटडाऊनच्या कामावर तावून सुलाखून निघालेल्या अशा माणसांना आखातातल्या रिफायनऱ्यांत मागणी असते. तेव्हा जाऊ नका असं सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. जायचं तर पक्का हिशेब करून जा, एवढंच सांगायचं आहे.

एकाच रुपयाचे दोन भाव

मोबाइल, सोनं, लोखंड या वस्तू जहाजातून, विमानातून देशोदेशी फिरतात. कर आणि वाहतूक वगळली तर त्यांचे भाव जगभर एकमेकांच्या आसपास राहतात. केस कापणं, रिक्षा, धुणीभांडी, डॉक्टरची तपासणी, खोलीचं भाडं या गोष्टी जहाजात चढत नाहीत. रोह्यातल्या सलूनचा दर रोह्यातल्या मजुरीवर आणि गाळ्याच्या भाड्यावर ठरतो, दुबईतल्या सलूनचा दुबईतल्या. म्हणून श्रीमंत देशात सेवा महाग आणि आपल्याकडे स्वस्त.

पेणच्या कारखान्यातली गणपतीची मूर्तीच घ्या. ती परदेशातल्या दुकानात मांडली जाते तेव्हा तिच्या किमतीत पॅकिंग आणि जहाजाचं भाडं तर असतंच, शिवाय त्या शहरातलं दुकानाचं भाडं आणि विक्रेत्याचा पगारही चढलेला असतो. मूर्ती पेणची, पण भाव त्या शहराचा.

हा फरक मोजण्यासाठी जागतिक बँक वेगवेगळ्या देशांतल्या वस्तू आणि सेवांच्या किमती गोळा करून क्रयशक्तीचा दर काढते. (ज्या ब्रेटन वुड्स परिषदेत 1944 साली ही बँक स्थापन करायचं ठरलं, तिथे भारताच्या शिष्टमंडळात आपल्या जिल्ह्याचे, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते.) 2021 सालच्या पाहणीनुसार अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढं येतं, तेवढं भारतात साधारण वीस रुपयांत येतं. त्या वर्षी बाजारात डॉलरचा भाव मात्र चौऱ्याहत्तर रुपयांच्या घरात होता. म्हणजे बँकेतल्या भावाने पाहिलं तर आपला रुपया फार दुबळा दिसतो, पण गावच्या बाजारात तो त्याहून बराच जास्त माल आणतो.

यातून एक सोपा नियम निघतो. जो पैसा तिथे खर्च होणार, तो तिथल्या भावाने मोजा. जो पैसा गावी येणार, त्यालाच चोविसाने गुणा. सगळा पगार चोविसाने गुणणं म्हणजे दुबईत राहून पेणच्या भावात जेवण्याची अपेक्षा धरणं.

एका पगाराची फोड

पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपापल्या पत्रातले आकडे त्यांच्या जागी घाला.

समजा, रोह्यात हातात तीस हजार येतात. घर स्वतःचं आहे. घरखर्च अठरा हजार, स्वतःचं येणंजाणं आणि वरखर्च पाच हजार. शिल्लक सात हजार. पीएफ वेगळा.

आता दुबईचे चार हजार दिरहम. कंपनीची खोली नाही, म्हणून बेडस्पेस. एका खोलीत दुमजली लोखंडी खाटा, खाटेभोवती पडदा, गॅसवर प्रत्येकाची पाळी आणि बाथरूमसमोर सकाळची रांग : याला महिना नऊशे दिरहम धरू. जेवण किंवा मेसचा डबा सातशे, बस-मेट्रो तीनशे, फोन आणि इंटरनेट दीडशे, साबण-औषध-किरकोळ अडीचशे. एकूण तेवीसशे. उरले सतराशे दिरहम. आता चोविसाने गुणा : 40,800 रुपये.

यातून घरी अठरा हजार पाठवायचेच आहेत, कारण घर तर रोह्यातच आहे. राहिले 22,800. परवानाधारक एजंटाला कायद्याने तीस हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी एवढंच घेता येतं, म्हणजे 35,400. त्यात मेडिकल, कागदपत्रं, मुंबईच्या फेऱ्या धरून 48,000 झाले, तर दोन वर्षांच्या करारात महिन्याला दोन हजार पडले. गणपतीला किंवा ईदला घरी येण्याचं तिकीट आणि आणायच्या वस्तू यांचे वर्षाला छत्तीस हजार धरले, तर महिन्याला तीन हजार. शेवटी हाती राहिले 17,800.

म्हणजे पगारातला फरक 66,000 रुपयांचा दिसत होता. शिल्लकेतला फरक निघाला 10,800 रुपयांचा. तोही मोठाच आहे. एखाद्या घरात तेवढ्यावर कर्ज फिटतं, मुलीचं शिक्षण होतं. पण घरच्यांपासून दोन वर्षं दूर राहण्याची किंमत म्हणून पाहायचा आकडा हा आहे, शहाण्णव हजार नव्हे.

आता याच पत्रात कंपनीने खोली दिली असेल तर काय होतं पाहा. महिना नऊशे दिरहम वाचले, म्हणजे 21,600 रुपये. शिल्लक 17,800 वरून 39,400 वर गेली, दुपटीहून जास्त. म्हणून साडेचार हजार दिरहम बिनखोलीचे आणि चार हजार खोलीसकट अशी दोन पत्रं समोर असतील, तर दुसरं घ्या. पगाराच्या आकड्याआधी ‘अकोमोडेशन’ची ओळ वाचा.

एजंटाने ठरलेल्या रकमेपेक्षा लाखभर जास्त मागितले, तर तेही या हिशेबात घालून पाहा. लाख रुपये म्हणजे वरच्या शिल्लकेतले साडेपाच महिने. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मालकाला मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या.

‘बेसिक’ किती?

तिथे नोकरदाराच्या पगारावर प्राप्तिकर नाही. पण आपल्यासारखा पीएफही नाही. त्याऐवजी नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते : किमान एक वर्ष भरलं की पहिली पाच वर्षं दरसाल 21 दिवसांचा पगार, त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचा. मेख अशी की ती मूळ पगारावर मोजतात. चार हजारांत बेसिक 2,400 असेल तर वर्षाची ग्रॅच्युइटी 1,680 दिरहम. बेसिक 1,800 आणि बाकी सगळे भत्ते असतील तर 1,260. एकूण पगार तोच, पण वर्षामागे 420 दिरहम कमी, म्हणजे दहा हजार रुपये. आणि इथली नोकरी सोडताना मालकाकडून भरला जाणारा पीएफही थांबतो, तो तुलनेत रोह्याच्या बाजूला लिहायला विसरू नका.

वहीत न लिहिलेला खर्च

रोह्याचा घरखर्च अठरा हजारांत का भागतो? कारण पुष्कळ गोष्टींना आपण पैसे मोजत नाही. घर वाडवडिलांचं, तांदूळ स्वतःच्या खाचरातला, वाल नातेवाइकांकडून आलेले, मूल सांभाळायला आजी. स्वतःच्या घराला भाडं द्यावं लागत नसलं, तरी अर्थशास्त्रज्ञ राहणीमान मोजताना त्याचं अंदाजे भाडं हिशेबात धरतात. आपणही धरावं. दुबईत गेल्यावर या प्रत्येक गोष्टीचं बिल येतं. आणि माणूस गेल्यावर गावातही नवा खर्च उभा राहतो : लावणीला मजूर, आईला दवाखान्यात न्यायला गाडी, घराच्या डागडुजीला गडी. तो माणूस इथे असताना ही कामं स्वतःच करत होता.

कुटुंब सोबत न्यायचं तर

इथे सगळं गणित पालटतं, कारण घरखर्चच रुपयांतून दिरहमांत जातो. अमिरातीत कुटुंबाला बोलावण्यासाठी महिना किमान चार हजार दिरहम पगार लागतो, राहण्याची सोय असेल तर तीन हजार. पण व्हिसा मिळणं वेगळं आणि संसार चालणं वेगळं. वर्षभराच्या भाड्याचे आगाऊ चेक, अनामत रक्कम, मुलांच्या शाळेची फी, कुटुंबाचा आरोग्य विमा हे सगळं येतं. दुबईत भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होतं. सौदी अरेबियात 2020 पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना 400 रियाल शुल्क आहे. पत्नी आणि दोन मुलं म्हटली तर वर्षाला 14,400 रियाल, म्हणजे सव्वातीन लाख रुपयांहून अधिक. शिवाय खरेदीवर व्हॅट अमिरातीत 5 टक्के, सौदीत 15 टक्के.

रुपया घसरला, फायदा कोणाचा?

एके काळी आखातात आपला रुपयाच चालत असे. 1959 पासून रिझर्व्ह बँक तिथल्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढत होती. कुवेतने 1961 मध्ये स्वतःचा दिनार आणला. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला आणि कतार, दुबई यांनीही रुपया सोडला.

आज दिरहम डॉलरला बांधलेला आहे. 1997 पासून 3.6725 दिरहमांना एक डॉलर हा दर कायम आहे. त्या वर्षी दिरहम दहा रुपयांच्या आसपास होता, आता चोविसाच्या घरात. घरी पाठवलेल्या एका दिरहमाचे रुपये अडीच पटीच्या जवळपास झाले. पण त्याच काळात गावातली सिमेंटची गोणी, गवंड्याची मजुरी, पेणजवळचा गुंठा यांचे भाव किती पट झाले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. अटल सेतू आणि नवी मुंबई विमानतळामुळे पेण मुंबईच्या आणखी जवळ आलं आहे, आणि आखाती कमाईतून घ्यायची असते ती बहुधा जमीनच. म्हणून शिल्लक नुसत्या रुपयांत मोजू नका. ज्यासाठी चाललात त्याच मापाने मोजा : घराचा स्लॅब किती महिन्यांत पडेल, कर्ज किती हप्त्यांत फिटेल.

तेव्हा सही करण्याआधी एक वही घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे रोहा किंवा पेण, उजवीकडे जायचं ते शहर. जमा, खर्च, न लिहिलेला खर्च आणि शेवटी शिल्लक, हे सगळं दोन्ही बाजूंना लिहा. तिथल्या भाड्याचे आणि मेसचे दर एजंटाला विचारू नका, तिथे आज राहत असलेल्या आपल्या माणसाला फोन करून विचारा. आणि हा हिशेब घरातल्या बायकोसमोर, आईसमोर बसून करा, कारण डावीकडचे खरे आकडे त्यांनाच माहीत असतात. उजवीकडची शिल्लक समाधानाची वाटली तर खुशाल जा. नाही वाटली तर पत्र परत पाठवायला लाजू नका.

पुढच्या आठवड्यात : घरी पैसे पाठवताना शुल्क आणि दर यांत किती जातं, आणि एनआरई खातं कधी, कसं उघडायचं.