चिखलदऱ्याचा गारवा आणि पाणी

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सारं वऱ्हाड चिखलदऱ्याकडे डोळे लावून बसतं. अमरावती जिल्ह्यातलं हे छोटं नगर गाविलगडच्या डोंगररांगेत सुमारे ११०० मीटरवर वसलेलं आहे, अकोला तीनशेच्या आत. हवा वर चढताना विरळ होते, प्रसरण पावते आणि थंडावते. हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. म्हणजे निव्वळ उंचीचा हिशेब पाच अंशांच्या आसपास येतो. हा गारवा कुणी हिरावू शकत नाही. पाण्याचं मात्र तसं नाही, आणि चिखलदऱ्याची खरी काळजी तीच आहे.

पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून हा डोंगर एकदम भिंतीसारखा उठतो, म्हणून पावसाळी ढग इथे अडतात आणि पठारावर मैदानापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. तरी उन्हाळ्यात इथे टंचाई! कारण पायाखाली काळा बेसाल्ट आहे. तो पाणी साठवतो फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत. बाकीचं उतारावरून धावत सुटतं. उत्तरेकडचं सिपनेतून, दक्षिणेकडचं पूर्णेतून, शेवटी सगळं तापीतच. मग तलाव वाढवावेत, असं कुणी म्हणेल. तलाव हवेतच, पण उघड्या उतारावरची माती वाहून आली की ते गाळाने भरतात. पाण्याचा वेग तोडून ते जमिनीत मुरवतं ते मेळघाटचं सागवान-बांबूचं रान आणि त्याखालचा पालापाचोळा. पर्यटनावर इथली घरं चालतात, हे खरंच. पण हॉटेलांची गर्दी ऐन उन्हाळ्यात, झरे आटत असताना होते. म्हणून नव्या बांधकामाला परवानगी देताना आधी मे महिन्यातलं पाणी मोजावं, जुलैतलं नव्हे.