काय भरणार, ते आधी सांगा

सकाळी साडेसहा

संक्रांत पंधरवड्यावर आली की किकवीत सकाळचा गारठा चांगलाच झोंबतो. तरी रात्री भिजत घातलेलं कापड आधी दोरीवर जायला हवं. कोरं मांजरपाट आणि कॅनव्हास पहिल्या धुण्यात आटतं, उभ्या धाग्यात जास्त, आडव्यात कमी. न भिजवता पिशवी शिवली तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात बाहेरचं कापड आटतं, आतलं पॉलिस्टरचं अस्तर होतं तेवढंच राहतं, आणि पिशवीचा आकार कायमचा बिघडतो. लाल आणि मरून कापड रंग सोडतं का, तेही बादलीतच कळतं.

यजमान शिरवळच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेत. आमच्याकडून सारोळ्याला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि लगेच शिरवळ. मुलांचे डबे, भाकऱ्या, आईंचा चहा, धुणं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. इथून पावणेदहापर्यंतचा वेळ घराचा.

पावणेदहा

बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून बेतणीला बसते. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे. टीप चुकली तर उसवता येते, कातर फिरली की फिरली.

कोणी पिशवी सांगायला आलं की रंग मी सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते, काय भरणार? पाच किलो ज्वारी भरणारीची पिशवी वेगळी. पासबुक, आधार कार्ड आणि रेशन कार्ड एकत्र ठेवणारीची वेगळी, तिला कागद न मुडपता आत जाईल एवढी रुंदी लागते. नारायणपूरला दत्ताच्या किंवा केतकावळ्याला बालाजीच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या पिशवीत नारळ आणि ओले हार असतात, म्हणून तिचं अस्तर पुसता येईल असं हवं आणि फुलं दबू नयेत म्हणून तळ रुंद हवा. कारखान्यात हजारांनी निघणाऱ्या पिशवीला हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. घरी शिवणाऱ्या बाईची सगळी कमाई या एका प्रश्नात आहे असं मला मनापासून वाटतं.

आज बाजाराच्या पिशव्या बेतायच्या आहेत. कॅनव्हासचा पन्हा 44 इंच. एक मीटर म्हणजे 39 इंचांच्या थोडं वर, पण भिजून आटल्यावर साधारण 38 इंच हाती राहतात आणि पन्हाही जरा कमी होतो. त्यात 16 इंच रुंद आणि 38 इंच लांब असे दोन तुकडे निघतात. तळ कापत नाही. कापड मधोमध दुमडायचं, तळ अखंड राहतो, म्हणजे सगळ्यात जास्त भार येतो तिथे शिवणच नसते. उभा धागा पिशवीच्या उंचीत ठेवायचा, कारण तो कमी ताणला जातो. आडवा घेतला तर भरलेली पिशवी दिवसेंदिवस लांबत जाते. उरलेल्या दहा-अकरा इंचांच्या उभ्या पट्टीतून आतले खिसे आणि लहान पाऊच. जुन्या साड्यांच्या काठांची एक वेगळी पेटी आहे, त्यातून उरेब पट्ट्या काढायच्या. उरेब म्हणजे तिरकी कापलेली पट्टी. सरळ पट्टी गोलाईवर चुण्या घालते, उरेब पट्टी गोलाईबरोबर वळते.

जाड पुठ्ठ्याचे फर्मे केले आहेत, प्रत्येकावर माप आणि शिलाईची जागा लिहिलेली. खडूने रेघ मारायची, मग कातर. कागद कापायची कातर वेगळी, आणि ती कोणी बदलू नये म्हणून कापडाची कातर मशीनच्या खणात.

अकरा

मशीन काळं, लोखंडी स्टँडचं, पायाचं. मोटर बसवली आहे. कॅनव्हासला 16 नंबरची सुई, पट्टा जोडताना थर वाढले की 18 ची. साध्या सुतीला आणि अस्तराला 14. सुई अर्धवट बोथट झाली की टाके सुटू लागतात आणि मशीनचा आवाज बदलतो. तो आवाज ओळखायला शिकलं की निम्मी दुरुस्ती घरात होते. दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा ओल्याने कुजतो आणि बाजारची पिशवी ओली होतेच.

टाका फार बारीक ठेवू नये. बायकांना वाटतं बारीक टाका म्हणजे मजबूत. जाड कापडात तसं नसतं, जवळजवळ भोकं पडत गेली की कापड त्याच रेघेवर फाटतं. इंचाला आठ टाके पुरे. बाजूची शिवण मी दोनदा घालते. एकदा कापड सुलट ठेवून कडेला अरुंद टीप, मग उलटवून आतून दुसरी. कापलेल्या कडा मधे बंद होतात, इंटरलॉकचं मशीन लागत नाही आणि धान्य भरलं तरी दोरे निघत नाहीत. मग तळाचे दोन्ही कोपरे चपटे करून त्रिकोणावर आडवी टीप, 4 इंच लांब. एवढ्याने पिशवीला तळ मिळतो आणि ती ओट्यावर उभी राहते.

आता पट्टे. पिशवी फाटते ती बहुतेक वेळा पट्ट्याच्या मुळाशी. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिशव्या उलटून बघा, पट्टा वरच्या दुमडीत खुपसून एक टीप मारलेली असते. सगळं वजन त्या एका रेघेवर. माझ्याकडे पट्ट्याचं टोक कडेपासून दोन इंच खाली उतरतं, त्याच्या मागे कापडाचा जोड-तुकडा लागतो, आणि वर चौकोन शिवून त्यात फुली. ओढ चारी बाजूंना वाटली जाते. ज्वारी-तांदळाच्या पिशवीला तेवढ्यावर मी थांबत नाही. दीड इंची नवार घेते आणि पूर्ण तळाखालून फिरवून दोन्ही बाजूंनी वर आणते. मग भार नवारीवर येतो, कापड फक्त आतला माल सांभाळतं. नवार जास्त लागते, पिशवी महाग पडते, आणि ती महाग विकायला मला संकोच वाटत नाही. लांबीही विचारूनच ठरते. हातात धरायची पिशवी जमिनीला घासता कामा नये, खांद्यावर घ्यायची असेल तर जाड स्वेटरवरूनही पट्टा चढला पाहिजे.

चार थर एकावर एक आले की मोटर चालवत नाही. हाताने चाक फिरवून एकेक टाका घ्यायचा, आधी ती घडी लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने दाबून घ्यायची. सुया वाचतात.

दीड

जेवण झालं आणि वीज गेली. मोटरचा पट्टा उतरवून चामड्याचा चढवला की काम सुरू ठेवता येतं, पण ही वेळ मी आईंजवळ हातशिलाईला बसते. त्यांची चंची नवीन करायची आहे.

नव्या मुलींनी चंची पाहिलेली नसते. लांबट कापडाची पट्टी, तिच्यावर एकाशेजारी एक खिसे, सुपारीचा, काताचा, लवंगेचा, पानाचा. चुन्याची डबी एका टोकाला. गुंडाळायची आणि टोकाला शिवलेल्या नाडीने बांधायची. कमरेला खोचली की शेतात दिवसभर जागची हलत नाही. आई आता पान-तंबाखू खात नाहीत, तरी चंची हवीच आहे. तीत आता राहणार रक्तदाबाच्या गोळ्या सकाळच्या, रात्रीच्या, चष्मा आणि सुटे पैसे.

“चेन लावू का वर, आई?” मी विचारलं.

“चेन कशाला? बोटं धरत न्हाईत मला ती बारीक. नाडीच बरी.”

संधिवाताच्या बोटांना नाडी ओढता येते, रनर पकडता येत नाही. हे मला आईंनी शिकवलं, आता म्हाताऱ्या माणसांच्या प्रत्येक पाऊचच्या रनरला मी कापडाची लांब शेपटी लावते. चेनची मोठी गंमत अशी की आजच्यासारखी दात अडकणारी चेन गिडिऑन सुंडबॅक या स्वीडिश इंजिनिअरने 1913 मध्ये अमेरिकेत तयार केली, आणि सुरुवातीच्या काळात ती बुटांना आणि तंबाखूच्या बटव्यांना लागली. तिकडच्या बटव्याला चेन लागत होती तेव्हा आमच्या चंचीचं काम एका नाडीत होत होतं.

तीन

वीज आली. संक्रांतीच्या वाणाचे पाऊच. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी कापडी पाऊच वाटणाऱ्या बायका दरवर्षी वाढताहेत, आणि माझं निम्मं वर्ष या महिन्यावर चालतं.

वाणासाठी खण मागतात. खण मुख्यतः कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, चोळीसाठी विणलेला, अरुंद पन्ह्याचा. दोन्ही कडांना काठ असतो, तो वाया घालवायचा नाही. पाऊचच्या तोंडाशी काठ येईल असा फर्मा ठेवायचा. खण कापला की धागे सुटतात, म्हणून आधी मागून पेस्टिंग, म्हणजे चिकटणारं अस्तर, इस्त्रीने चिकटवायचं, मगच कातर. हे उलट क्रमाने केलं तर कडेचा पाव इंच हातातच उसवतो.

9 इंच बाय 7 इंचांचे दोन तुकडे खणाचे, दोन अस्तराचे. चेन रोलमधून कापायची, रनर वेगळा ओवायचा. नंबर 5 चा रोल, म्हणजे बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण 5 मिलिमीटर. नाण्यांच्या छोट्या पाकिटाला नंबर 3 चालतो. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाची टोपी लावायची, नाहीतर टोकाशी गाठ येते आणि कोपरा कधीच टोकदार दिसत नाही. वर खण, मधे चेन, खाली अस्तर अशी घडी करून एका बाजूच्या फूटने टीप. दुसरी बाजू तशीच. मग चेन अर्धी उघडी ठेवायची. ती बंद राहिली तर शेवटी पाऊच सुलट करायला वाटच नसते. बाहेरची शिवण पूर्ण, अस्तराच्या तळाशी चार बोटं जागा सोडायची, तिथून सगळं बाहेर काढायचं आणि ती फट शेवटी बंद करायची.

एकच काम एकत्र करते. सगळ्यांचं पेस्टिंग, सगळ्यांच्या टोप्या, सगळ्यांच्या चेना. दोरा सलग चालवला की तुकडे माळेसारखे मशीनमागे लोंबत जातात, शेवटी कातरायचे.

साडेचार

शाळेतून मुलं आली. त्यांच्यापाठोपाठ भाजी विकणाऱ्या मावशी आल्या, कमरेची पिशवी दुरुस्त करायला.

“ताई, ह्याचा खिसा पुन्हा गेला बघ.”

“मावशी, नाणी कुठं ठेवता?”

“खाली, सगळ्यात मोठ्या खिशात. मोबाईल वर.”

कारण तिथेच होतं. नाण्यांचं वजन सगळ्यात जास्त आणि त्यांच्या कडांनी अस्तर कापलं जातं. नाण्यांचा खिसा जीनचा करून दिला, उथळ, म्हणजे बोटांनी पटकन वेचता येतील. नोटांचा खोल, शरीराच्या बाजूला. मोबाईलचा उजवीकडे, कारण आता निम्मे पैसे त्यावर येतात आणि दर वेळी बघावं लागतं.

मावशी म्हणाल्या, “लोकं अजून पिशवी मागत्यात गं, रिकाम्या हातानं येऊन.”

23 मार्च 2018 ला महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत कापडी पिशव्यांना भरपूर मागणी होती. मग त्या जागी कापडासारख्या दिसणाऱ्या पातळ, रंगीत पिशव्या आल्या. न विणलेल्या. हात लावला की कापड वाटतं, पण ते पॉलिप्रॉपिलीन असतं, प्लॅस्टिकच. विणलेल्या कापडाची कड उसवली की धागा निघतो, यातून तंतू पिंजल्यासारखे येतात. मी ओळख सांगते, बायका लक्षात ठेवतात. मावशींना चार पिशव्या उसन्या दिल्या. ओळखीच्या गिऱ्हाइकाला त्या देतील, दुसऱ्या दिवशी परत घेतील.

साडेसहा

तपासणी. प्रत्येक पिशवी उलटी करून दोरे कातरते, चेन पाच-सहा वेळा मागेपुढे ओढते. नव्या मापाच्या एका पिशवीत दहा किलो तांदूळ भरून खुंटीला लटकवते. पट्ट्याच्या मुळाशी टाक्यांची भोकं लांबट दिसली तर जोड-तुकडा मोठा करायचा.

मग वही. कापड, अस्तर, चेन, रनर, पेस्टिंग, दोरा, आणि वेळ. वेळेचा रकाना बहुतेक बायका भरत नाहीत. घरच्या घरी केलं, त्याचे काय पैसे लावायचे, असं म्हणतात. मला हे ऐकवत नाही. बेतणी, उलटवणं, इस्त्री, दोरे कातरणं यांना टिपेपेक्षा जास्त वेळ जातो, आणि तो दिसत नाही म्हणून किमतीतून गळतो. लिहिला की दिसतो. आज एका ओळखीच्या बाईंचा निरोप आलाय, लग्नात द्यायला शंभर बटवे हवेत, “होलसेल भावात.” उत्तर लिहिलं: संख्या वाढली तर कापड मला थोडं स्वस्त पडतं, तेवढं कमी करते. हात तेवढाच वेळ घेतात, ते कमी होणार नाही. आणि बटव्यात काय देणार ते कळवा. सुकामेवा असेल तर तळ गोल करते, चांदीचं नाणं असेल तर बटवा निम्म्याने लहान करावा लागेल.

रात्री साडेनऊ

मशीनला तेलाचे थेंब, शटलमधली धाग्यांची लव ब्रशने काढली, उद्याच्या रंगांच्या बॉबिन भरून ठेवल्या. बादलीत नवं कापड भिजलं. उद्या दुपारच्या एसटीने स्वारगेट, तिथून रविवार पेठ. यादी अशी: नंबर 5 ची चेन मरून आणि राणी रंगात, रनर, पेस्टिंग, दीड इंची नवारीचं बंडल, 18 नंबरच्या सुया. आईंच्या चंचीला लावायला मऊ सुती नाडी.