ढोल इकडे, ताशा तिकडे!

दोस्तांनो, गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल-ताशा आठवतो ना? ढोलाचा आवाज जाड, ताशाचा बारीक. चांगल्या साउंड सिस्टिममध्ये या दोघांची वाटणी करतात. जाड आवाज मोठ्या वूफरकडे, बारीक आवाज छोट्या ट्वीटरकडे. वाटणी चुकली, तर ढोलाच्या दणक्याने नाजूक ट्वीटर चक्क जळतो!

वाटणी करणारी चाळणी म्हणजे फिल्टर. बिबवेवाडीला अप्पर इंदिरानगरात १९८३ पासून विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. अशा कॉलेजांतले ताई-दादा हे फिल्टर शिकतात. पण आकृती वाचायला तुम्हालाही जमेल!

आकृतीतला त्रिकोण म्हणजे ऑप-अँप. १९६८ साली आलेला ७४१ हा आठ पायांचा ऑप-अँप फार प्रसिद्ध. आधीच्या भागाकडून तो अगदी नगण्य करंट घेतो, म्हणून चाळणीचे काम बिघडत नाही. चाळणी मात्र बनते रेझिस्टर आणि कपॅसिटर यांची.

आता हेरगिरी करू या.

१. कपॅसिटर कुठे आहे? बारीक आवाज त्यातून सहज जातो, जाड आवाज अडतो. तो सिग्नलच्या वाटेतच असेल, तर ताशा पुढे जाईल. वाटेत रेझिस्टर आणि कपॅसिटर ग्राउंडकडे असेल, तर ताशा ग्राउंडला पळेल, ढोल पुढे जाईल.

२. सीमा कुठे आहे? रेझिस्टर (ओहम) गुणिले कपॅसिटर (फॅरड) गुणिले ६.२८ करा. त्या उत्तराने १ ला भागा. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले, तर येतात सुमारे १५९ हर्ट्झ.

३. फसू नका! वाटेतला कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा निघाला, तर सीमा येते फक्त १.६ हर्ट्झ. आपल्याला तर साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतात. म्हणजे इथे ढोल-ताशा दोघेही पास! हा कपॅसिटर फक्त बॅटरीसारखा स्थिर डी.सी. अडवायला ठेवलेला आहे. जागा तीच, काम निराळे. म्हणून नुसते चित्र पाहून चालत नाही, आकडेही वाचावे लागतात.

हे सगळे कागदावरच करा बरं का! विजेवरचा अँप्लिफायर उघडायचा नाही.

आता तुम्ही ओळखा : वाटेत ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर. वाट कोणाची?

(उत्तर : सीमा सुमारे १,५९० हर्ट्झ. वाट ताशाची!)