पिवळी पिन, हिरवी पिन

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा व्हिडिओ गेम खाली येतो, मारिओ-कॉन्ट्राची कॅसेटही सापडते, आणि घोडं अडतं ते टीव्हीला जोडताना. भिंतीवरच्या नव्या टीव्हीत चित्र आलंच तर पुसट आणि आडवं ताणलेलं. मग कोल्हापुरातल्या राजारामपुरीत जाऊन महागातली केबल आणली जाते. हा खर्च बहुधा पाण्यात जातो. केबल घेण्याआधी यंत्रातून मुळात काय बाहेर पडतं ते बघायला हवं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले बहुतेक गेम म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानात 1983 साली आला. त्याची चित्र काढणारी चिपच उजेड आणि रंग एकत्र कालवून एका तारेवर सोडते. ती तार म्हणजे पिवळी पिन, पांढरी आवाजाची. एकदा कालवलेलं टीव्हीला पुन्हा धड वेगळं करता येत नाही, म्हणून लाल-निळ्या भागांच्या कडांवर बारीक ठिपके सरकताना दिसतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांनीही ते जात नाहीत. साधी, घट्ट बसणारी केबल पुरे. मात्र पिवळी पिन असताना अँटेनाच्या भोकातली वायर वापरू नये. तिच्यात चित्र आणि आवाज आधी चॅनेलवर चढवायचे आणि टीव्हीने ते उतरवून घ्यायचे, असा द्राविडी प्राणायाम असतो, आणि त्यात मुंग्या वाढतात.

प्लेस्टेशन 2 चं तसं नाही. 2000 साली आलेलं हे यंत्र आपल्याकडे इतकं टिकलं की 2009 मध्ये त्यासाठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा देशी गेम निघाला. हे यंत्र उजेड आणि रंग सुटे देऊ शकतं, पण सोबत आलेल्या तीन पिनांच्या केबलमधून नाही. इथे पाच पिनांच्या कंपोनंट केबलवर खर्च करावा. हिरवी, निळी, लाल चित्राची. दुसरी लाल आणि पांढरी आवाजाची. दोन लाल पिनांची अदलाबदल हमखास होते: चित्रातला लाल रंग बिघडतो आणि स्पीकर गुरगुरतो. केबल लावण्याआधी यंत्राच्या मेनूत ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ आरजीबीवर नाही ना, हेही बघावं. असेल तर दुसरा पर्याय निवडावा.

आता पडदा. टीव्हीचं जुनं प्रसारण सम आणि विषम रेघा आळीपाळीने पाठवायचं. फॅमिकॉम ती आळीपाळी टाळतो आणि दर खेपेला त्याच 240 रेघा काढतो. पिक्चर ट्यूबचा डबा टीव्ही येईल तसं रंगवून मोकळा होतो. एलईडी टीव्ही मात्र याला आळीपाळीचाच सिग्नल समजून दोन खेपा एकमेकींत विणायला बसतो. कडा दातेरी होतात, आणि या उद्योगात चित्र मागे पडतं: बटण वेळेवर दाबूनही मारिओ खड्ड्यात. गेम मोड लावला, चित्राचं माप 4:3 केलं, तर बरंच सावरतं.

नव्या टीव्हीला पिवळं भोक दिसत नसेल तर हिरवं बघा. अनेक टीव्हींत ते दोन्हींसाठी असतं. चित्र कृष्णधवल आलं तर टीव्ही कंपोनंटची वाट बघतोय, मेनूतून एव्ही निवडा. दोन्ही नसतील तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी घ्यावी लागते. उलट दिशेची डबीही दिसायला हुबेहूब तशीच असते, तेव्हा दुकानातच वाचून घ्या.

बदकं मारायची बंदूक मात्र कुठल्याही डबीने चालत नाही. तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तेवढ्यात डोळ्याला उजेड दिसला तर बदक पडलं. एलईडीवर चौकोन उमटेपर्यंत गेमने निकाल देऊन टाकलेला असतो.

त्यामुळे माझं मत डबा टीव्हीच्याच बाजूने. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावच्या कारखान्यातला व्हिडिओकॉन असो की ओनिडा, दुरुस्तीवाल्याकडे किंवा भंगारात चालू सेट अजून सापडतो. कोल्हापुरात घेताना एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: सेट पुरात बसला होता का? 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत आलं होतं. गाळ वाळला तरी आत थर राहतो, दमट हवेत तो वीज वाहू देतो, आणि रंगीत ट्यूबला 20 ते 25 हजार व्होल्ट लागतात. मागच्या फटींतून बॅटरी मारून बघा. कोपऱ्यांत, स्क्रूंच्या खोबणीत माती दिसली तर फुकट मिळाला तरी नको. न दिसली तरी मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये झटका देण्याइतका भार शिल्लक असतो.