तपासणी हवी, विटाळ नको!

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्तातील साखरेबरोबर एचआयव्ही, हिपॅटायटीस ‘बी’ आणि ‘सी’ यांचीही तपासणी अनेक रुग्णालयांत केली जाते. तपासणीला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो अहवाल पॉझिटिव्ह येताच गरीब म्हाताऱ्याला ‘दुसरीकडे जा’ म्हणण्याला आणि त्याच्या केसपेपरवर लाल शाईने शेरा मारण्याला.

विज्ञान काय सांगते? ‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतात. शिवल्याने किंवा शेजारच्या खाटेवर झोपल्याने नाही. धोका खोटा नाही. लस न घेतलेल्या माणसाला दूषित सुई टोचली, तर ‘बी’ची बाधा होण्याची शक्यता शेकडा ३०पर्यंत असू शकते. पण बाधा नुकतीच झाली असेल, तर काही आठवडे तपासणी निगेटिव्हच येते! मग निगेटिव्ह कागदावर विसंबून डॉक्टर सुरक्षित कसा? खरे संरक्षण एकच : प्रत्येक रुग्णाला बाधित समजून हातमोजे, निर्जंतुक उपकरणे, सुयांची योग्य विल्हेवाट आणि कर्मचाऱ्यांना लस.

पण लस कोणाला? शस्त्रक्रियागृहातील कचरा, सुया, रक्ताळलेले कापड उचलणारा कंत्राटी सफाई कामगार बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. त्याला ‘बी’च्या लसीचे तीन डोस मिळाले का, हे कोण विचारतो?

एचआयव्हीबाधिताला उपचार नाकारण्यास २०१७च्या कायद्याने मनाई केली. हिपॅटायटीसच्या रुग्णासाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. तरीही सरकारी रुग्णालय संविधानाच्या कलम १४ आणि २१ने बांधलेले आहेच.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. ‘सी’ तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल ही उपचाराची सुरुवात असली पाहिजे, हाकलण्याचे निमित्त नव्हे. डोळ्याचे ऑपरेशनही करा आणि यकृताच्या उपचारासाठी चिठ्ठीही द्या!

कार्यकर्त्यांनी एवढे करावे : तपासणी रुग्णाला समजावून, संमतीने आणि गुप्तता राखून होते का, ते पाहावे. नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागावा. तोंडी नकाराला पुरावा नसतो. लेखी नकाराला न्यायालयात उत्तर द्यावे लागते.