शर्यत परगावी, पैज पुण्यात

पुण्याच्या लष्कर भागातील घोड्यांच्या शर्यतीचे मैदान १८३० सालापासूनचे आहे. पावसाळा सुरू झाला की तेथील हंगामास प्रारंभ होतो. त्यानंतर नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ मुंबईच्या महालक्ष्मी मैदानाचा असतो. दोन्ही मैदानांवर शर्यती भरविणारी संस्था एकच, ती म्हणजे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. मुंबईत शर्यती चालू असताना पुण्याच्या मैदानावर घोडे धावत नाहीत. तरीही तेथे पडद्यासमोर लोक जमतात, तिकिटे घेतात आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर धावणाऱ्या घोड्यावर पैज लावतात. याच पडद्यावर बंगळुरू, हैदराबाद, म्हैसूर येथील शर्यतीही दिसू शकतात. अशा रीतीने परगावची शर्यत प्रक्षेपणाद्वारे पाहून तिच्यावर आपल्या गावी पैज लावणे, यास शर्यतीच्या व्यवहारात ‘इंटर-व्हेन्यू बेटिंग’ असे म्हणतात.

मैदानाच्या आवारात हा व्यवहार परवान्याखाली चालतो. परंतु प्रक्षेपण आता आवारापुरते उरलेले नाही. सिंहगड रस्त्यावरील धायरीचेच उदाहरण घ्यावे. २०१७ साली ज्या ११ गावांचा पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समावेश झाला, त्यांत धायरीचेही नाव होते. शेतीचे हे गाव आता गृहरचना संस्थांचे, लहान कारखान्यांचे व नोकरदारांचे उपनगर झाले आहे. धायरीत शर्यतीचे मैदान नाही. पण तेथील एखाद्या तरुणाच्या हातातील दूरध्वनीवर दूरच्या मैदानावरील घोडे धावताना दिसू शकतात, आणि त्याच दूरध्वनीवर “लाव शंभर रुपये” असे सांगणारा मध्यस्थही भेटू शकतो. ही पैज आणि मैदानावरील खिडकीवर घेतलेले तिकीट यांत फरक कोणता, आणि कायदा एकीस मोकळीक व दुसरीस शिक्षा का देतो, हे सर्वसामान्य नागरिकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात या विषयाचे मूळ दोन जुन्या कायद्यांत आहे. पहिला, १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम व दुसरा, १९१२ चा मुंबई शर्यतमैदाने परवाना अधिनियम. पहिल्या कायद्याने पैज लावणे हे जुगाराच्या व्याख्येत घातले आणि घोड्यांच्या शर्यतीपुरता त्याला अपवाद केला. हा अपवाद सरसकट नाही. पैज शर्यतीच्या दिवशीच लागली पाहिजे. ती परवानाधारकाने त्यासाठी राखून ठेवलेल्या आवारात किंवा राज्य शासनाने मान्य केलेल्या अन्य ठिकाणी लागली पाहिजे. पैज लावणारी व्यक्ती तेथे स्वतः हजर असली पाहिजे, आणि समोरचा पक्ष हा परवानाधारक किंवा त्याने परवाना दिलेला इसमच असला पाहिजे.

या अटींमागील दृष्टी सरळ आहे. शर्यत, घोडा, पैज लावणारा आणि पैज घेणारा हे चौघेही एकाच कुंपणाच्या आत असावेत, म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवता येते, हिशेब तपासता येतो व कर वसूल करता येतो. प्रक्षेपणाने नेमके हेच कुंपण मोडले. घोडा एका राज्यात, पैज दुसऱ्या राज्यात, आणि त्या दोहोंना जोडणारी ध्वनिचित्रलहर आकाशात, अशी स्थिती निर्माण झाली. ‘शासनाने मान्य केलेले अन्य ठिकाण’ हे शब्द कायद्यात असल्यामुळे परगावच्या शर्यतीसाठी वाट निघू शकली; पण ती वाट शासनाच्या मान्यतेतूनच जाते, हे विसरता कामा नये.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पैज व जुगार’ हा विषय राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. उलट दूरध्वनी व प्रक्षेपण हे विषय संघसूचीत ३१ व्या क्रमांकावर आहेत. म्हणजे बंगळुरूच्या शर्यतीवर पुण्यात पैज लागते तेव्हा शर्यतीचा परवाना कर्नाटक शासनाचा, पैजेची मुभा महाराष्ट्राच्या कायद्याची आणि प्रक्षेपणाचा विषय केंद्राच्या अखत्यारीतील असतो. तीन अधिकारक्षेत्रे एकाच व्यवहारात गुंततात. त्यांतील एकाने दार बंद केले तरी त्याचा परिणाम इतरत्र जाणवतो. २०२४ साली बंगळुरू येथील शर्यतींच्या परवान्याचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा याचा प्रत्यय आला.

कौशल्य की नशीब?

घोड्यांच्या शर्यतीस जुगारातून वगळण्याचे कारण काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तामिळनाडू शासनाने १९७४ साली शर्यती व त्यांवरील पैजा बंद करणारा कायदा केला होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात न्यायालयाने १२ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला, की घोड्याची पैदास, त्याचे प्रशिक्षण, जॉकीचे कसब, वजन व अंतर यांचा अभ्यास पाहता शर्यतीत कौशल्याचा अंश प्रधान असतो, म्हणून ती निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे.

या निर्णयाचा आधार घेऊन कोणीही कोठेही पैज घेऊ शकतो, असा गैरसमज काही मध्यस्थ पसरवितात. तो चुकीचा आहे. शर्यत कौशल्याची असल्याने परवान्याची अट नाहीशी होत नाही. औषध गुणकारी आहे म्हणून ते विकण्यास परवाना लागत नाही, असे कोणी म्हणत नाही. तसाच हा प्रकार आहे.

टोटची रीत आणि लहान गंगाजळीचा धोका

मैदानावर पैज दोन प्रकारे लागते. परवानाधारक बुकी आपला भाव सांगतो व त्या भावाने पैज घेतो, हा एक प्रकार. दुसरा प्रकार टोटचा. टोटमध्ये सर्वांच्या पैशांची एक गंगाजळी होते, तीतून कर व संस्थेचा खर्च वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटली जाते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे १९१३ साली जॉर्ज ज्युलियस यांचे स्वयंचलित टोट यंत्र बसविले गेले, तेव्हापासून ही गणिते यंत्रावर होऊ लागली.

परगावच्या शर्यतीत एक अडचण येते, ती उदाहरणाने पाहू. समजा, एका शर्यतीवर १ लाख रुपये जमले, त्यांतून २० टक्के वजा होऊन ८० हजार उरले आणि जिंकलेल्या घोड्यावर १० हजारांची तिकिटे होती. तर एका रुपयास ८ रुपये मिळतील. ऐन वेळी कोणी आणखी ४ हजार त्याच घोड्यावर लावले, तर वाटप रुपयास सुमारे ५ रुपये ९४ पैसे होईल. आता हीच शर्यत दूरच्या गावी पडद्यावर दाखविली व तेथे स्वतंत्र गंगाजळी केवळ १० हजारांची झाली, आणि त्या घोड्यावर १ हजाराची तिकिटे होती, तर मूळ वाटप तेवढेच, म्हणजे ८ रुपये. पण तेथे तेच ४ हजार एकाच माणसाने लावले, की वाटप २ रुपये २४ पैशांवर येते. लहान गंगाजळी एका हाताने हलविता येते. म्हणून अनेक ठिकाणी दूरच्या केंद्रावरील पैसा मूळ मैदानाच्या गंगाजळीत मिळविण्याची पद्धत आहे. मात्र तसे करावयाचे तर दोन्ही संस्थांचे हिशेब, दोन्हीकडील वजावट व दोन्ही राज्यांचे नियम जुळावे लागतात.

दुसरी अडचण वेळेची. उपग्रहामार्गे चित्र येण्यास क्षणाचा काही अंश लागतो; इंटरनेटवरून येणारे चित्र मात्र कित्येक सेकंद मागे असू शकते. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाने दूरध्वनीवरून कळविले, तर घरी पडदा पाहणाऱ्याच्या आधी दुसऱ्यास शर्यतीचा कल समजतो. शर्यत सुटण्यापूर्वी सर्व केंद्रांवरील खिडक्या एकाच क्षणी बंद झाल्या पाहिजेत, असा नियम यासाठीच असतो. चोरट्या बुकीकडे अशी कोणतीही घंटा नसते. कोणाची पैज केव्हा घेतली, हे तोच सांगणार व तोच लिहिणार.

इतर देशांचा अनुभव

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. न्यूझीलंडने १९५१ पासून मैदानाबाहेरील पैजांसाठी अधिकृत टोट केंद्रे उघडली. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्यानंतर १ मे १९६१ पासून पैजेची परवानाधारक दुकाने सुरू झाली. हाँगकाँगमध्ये १९७० च्या दशकात जॉकी क्लबला मैदानाबाहेर पैजा घेण्याची मुभा देण्यात आली, ती चोरट्या बुकींना आळा बसावा म्हणून. अमेरिकेने १९७८ साली आंतरराज्य अश्वशर्यत कायदा केला. त्यानुसार एका राज्यातील शर्यतीवर दुसऱ्या राज्यात पैज घ्यावयाची तर शर्यत भरविणारी संस्था, त्या राज्याचा शर्यत आयोग व पैज घेणाऱ्या राज्याचा शर्यत आयोग, अशा तिघांची संमती लागते. मूळ मैदानाने घोडे, जॉकी, मोतद्दार व पशुवैद्य यांवर खर्च करावा आणि दूरच्या केंद्राने केवळ चित्र दाखवून नफा घ्यावा, हे अन्यायाचे ठरते. ही भूमिका त्या कायद्यामागे होती. आपल्याकडेही यजमान संस्थेची संमती, प्रक्षेपणाचा मोबदला व करवसुलीचे स्थान या तीन गोष्टी स्पष्ट असल्याशिवाय हा व्यवहार निकोप राहणार नाही.

कराचे ओझे व त्याचा परिणाम

पूर्वी मुंबई पैज कर अधिनियम, १९२५ अन्वये राज्य पैजांवर कर घेत असे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि घोड्यांच्या शर्यतीवर २८ टक्के दर लागू झाला. हा कर लावलेल्या पूर्ण रकमेवर घ्यावा की संस्थेच्या वजावटीवर, यावर वाद झाला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टोटपुरता कौल संस्थांच्या बाजूने दिला. ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातच दुरुस्ती होऊन पूर्ण रकमेवरील आकारणी स्पष्ट करण्यात आली व २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर असतो, तो वेगळाच.

पैजेस उत्तेजन मिळू नये, हा जबर करामागील हेतू समजण्यासारखा आहे. मात्र करासोबत देखरेख वाढली नाही, तर पैज थांबत नाही. ती खिडकीवरून उठून चोरट्या बुकीच्या वहीत जाते. तेथे कर नाही, पावती नाही आणि दादही नाही. नियमनाची खरी कसोटी हीच आहे. परवान्याच्या आवारात नियम कितीही काटेकोर असले, तरी धायरीतील दूरध्वनीवर तीच शर्यत, तीच पैज विनाअट मिळत असेल, तर आवारातील शिस्तीचा उपयोग मर्यादितच राहील.

नागरिकांनी ध्यानात घ्यावे असे

पैज हरलेल्या माणसाचे पैसे बुडतात, हे सर्वांस ठाऊक आहे. चोरट्या पैजेत जिंकलेल्याचेही बुडतात, हे फारसे ठाऊक नसते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या ३० व्या कलमानुसार पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेली रक्कम न्यायालयामार्फत वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ च्या कायद्याने पैजेसाठी केलेले आनुषंगिक करारही निरर्थक ठरविले आहेत. म्हणून पैजेसाठी पैसे देणाऱ्याची मागणीही न्यायालयात टिकणे कठीण असते. तेव्हा ज्याला न्यायालयाचे दार बंद आहे, असा धनको वसुलीसाठी कोणता मार्ग धरील, याचा विचार कर्ज घेण्यापूर्वीच करावा. अनेक कुटुंबांच्या विवंचनेचे मूळ पैजेपेक्षा या उसनवारीतच असते.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी केलेल्या कायद्यात, कौशल्य व नशीब असा भेद न करता, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना प्रतिबंध केला आहे. ‘ॲप उघडते, म्हणजे परवानगी असणारच’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

परगावच्या शर्यतीवर पैज घेणारा कोणीही समोर आला, तर तीन गोष्टी विचाराव्यात. हे ठिकाण शासनाने मान्य केलेले आहे काय? पैज घेणाऱ्याजवळ संस्थेचा परवाना आहे काय? लावलेल्या रकमेचे छापील तिकीट मिळते काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर तो व्यवहार कायद्याने दिलेल्या अपवादाच्या बाहेर, म्हणजेच जुगारात मोडतो. त्याची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यास द्यावी, आणि घरातील तरुण मुलांना हा फरक आधीच समजावून सांगावा.